अठ्ठ्याण्णव अंश

फोनवरच निदान करायची मला वाईट खोड. गिऱ्हाईक "मशीन तापून बंद पडतंय हो" म्हणालं, की मी त्याला पुढे बोलूच देत नाही. धूळ काढा, भिंतीला चिकटवून ठेवू नका, वर कपडे टाकू नका, झालं! शंभरातल्या नव्वद जणांचं तेवढ्यानं भागतं, म्हणून माझी अक्कल पाजळायची सवय वाढतच गेली. सख्ख्या ताईलाही मी हेच ऐकवलं. एकदा नाही, आठ महिने.

भावोजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये गेला. बत्तीस वर्षं कचेरीत टायपिस्ट असलेला माणूस. हात इतके थरथरायला लागले होते की लिहिलेलं अक्षर लागेना, आणि मोबाइलच्या काचेवर भलतंच उमटायचं. पण मोठा कीबोर्ड पुढ्यात आला की बोटं बरोबर पडायची. म्हणून मी माझ्या हातानं त्यांना एक डेस्कटॉप जोडून दिला. त्यांनी टाइप करायचं, बटण दाबायचं, की मशीन मोठ्यानं वाचून दाखवायचं. पहिलंच वाक्य त्यांनी माझ्यावर खर्च केलं, "मेहुणा कामाचा निघाला, आश्चर्य आहे." ताई हसता हसता रडली होती.

पण दुसऱ्या दिवसापासूनच मशीन दहा-पंधरा मिनिटांत बंद पडायला लागलं. भावोजींचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. ताईनं फोन केला की मी वसकन अंगावर जायचो, "तुम्हाला नीट वापरताच येत नाही! आणि बाहेरच्या कुणाला हात लावू देऊ नकोस." ती म्हणायची, "अरे, एकदा येऊन बघ तरी." येतो येतो म्हणत मी गेलो नाही. माझं दुकान तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर.

एका गुरुवारी सकाळी तीच दुकानात आली. बसली नाही.

"डॉक्टर म्हणाले, फार तर पंधरा दिवस," ती म्हणाली. "हे माझ्यावर रागावलेत रे. मध्ये एकदा माझं डोकं फिरलं. म्हटलं, बोलायचं नसेल तर सरळ सांगा, सारखं मुद्दाम बंद कशाला करता? त्या दिवसापासून त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही. तीन महिने झाले. एकदा बोलू दे त्यांना माझ्याशी. मग काय व्हायचं ते होऊ दे."

मी बॅग उचलली आणि तिच्याबरोबर निघालो.

भावोजी खिडकीजवळच्या खाटेवर होते. पार वाळले होते. मला बघून नुसती मान हलवली. मी मशीनचं बाजूचं झाकण काढलं. खोटं कशाला बोलू, धुळीचे बोळे निघतील आणि ते ताईच्या नाकासमोर धरीन, अशी माझी तयारी होती. आत चिमूटभर धूळ नव्हती. मी सांगितलं होतं तसं ती दर रविवारी ब्रशनं साफ करत होती.

पंखा व्यवस्थित फिरत होता. मी मशीन चालू करून प्रोसेसरचं तापमान दाखवणारा पडदा लावून ठेवला. साठ. पंच्याहत्तर. नव्वद. अठ्ठ्याण्णव. प्रोसेसरच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा बसवलेला असतो, हीटसिंक. खालची उष्णता ओढून घ्यायची, एवढंच त्याचं काम. मी त्याला बोट लावलं. भाजायला हवं होतं. ठोकळा गार होता.

खाली आग आणि वर गार, म्हणजे दोघांच्या मध्ये काहीतरी आहे. आणि तिथे माझ्याशिवाय आजवर कुणाचा हात गेलेला नव्हता.

तेवढ्यात मशीन बंद पडलं. मी स्क्रू काढले, ठोकळा उलटा केला. तळाला पारदर्शक प्लास्टिकची फिल्म, कडेनं तपकिरी पडलेली. नव्या हीटसिंकला ती असतेच. बसवण्याआधी सोलून काढायची, तसं तिच्यावर लाल अक्षरांत छापलेलंही असतं. नव्या शिकाऊ माणसालासुद्धा मी एवढ्यासाठी दुकानाबाहेर काढला असता. हे मशीन जोडताना माझ्या कानाला फोन होता, ते मला लख्ख आठवलं. कुठल्याशा गिऱ्हाइकाची बिनपाण्यानं करत होतो.

"सापडलं का रे?" ताईनं विचारलं.

"हो. एक पार्ट गेला होता."

जीभ चाचरलीसुद्धा नाही माझी. फिल्म खिशात घातली. तळ पुसला, उष्णता वर पोचवणारी नवीन पेस्ट लावली, ठोकळा बसवला. एकेचाळीस अंश. अर्धा तास झाला तरी बेचाळीस.

ताईनं कीबोर्ड भावोजींच्या मांडीवर ठेवला. ते नुसते बघत राहिले.

"अहो, लिहा ना," ताई म्हणाली. "काहीही लिहा. शिव्या घाला मला."

त्यांनी एका बोटानं सुरुवात केली. एकेक अक्षर शोधून दाबत होते. बत्तीस वर्षं टायपिंग केलेला माणूस! पाचेक मिनिटं गेली. मग मशीन आपल्या कोरड्या आवाजात म्हणालं, "मी मुद्दाम बंद करत नव्हतो."

ताईनं तोंडावर हात दाबून धरला.

मला राहवलं नाही. खिशातून फिल्म काढली आणि सगळं सांगून टाकलं. "पार्टबिर्ट काही गेला नव्हता. हे मी काढायला विसरलो. यांनी बंद केलं नाही, ताई, तू बिघडवलं नाहीस. सगळं माझ्यामुळे." मी हात जोडले, रडायला लागलो. ताई थोबाडीत देईल असं वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

भावोजी पुन्हा टाइप करत होते. मला काय म्हणतात म्हणून मी हात जोडूनच ताटकळत उभा. शेवटी मशीन बोललं, "याला जाऊ दे. आपण बोलू."

मी बाहेर पडलो तशी ताई उठली आणि तिनं माझ्यामागे दार लावून घेतलं. मी जिन्यात उभा राहिलो. आतून मशीनचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. थांबायचा, मग ताईचा यायचा, मग पुन्हा त्याचा.

भावोजी नऊ दिवसांनी गेले. त्या नऊ दिवसांत मशीन एकदाही बंद पडलं नाही. ते काय बोलले हे ताईनं मला सांगितलेलं नाही, आणि विचारायचं मला तोंड नाही. त्यांच्याजवळ बोलायला आठ महिने होते, मिळाले नऊ दिवस. बाकीचे मी खाल्ले.