दोन खुणांमधले ऑइल

सुज्ञ बालमित्रांनो, प्रस्तुत लेखामध्ये एका पट्टीचा जन्म, तिची सेवा, तिचा झालेला गौरव आणि तिच्या वाट्याला आलेला विसर या सर्व गोष्टी क्रमाने निवेदन केल्या जाणार आहेत. मोटारीला साधे ऑइल घालावे की सिंथेटिक, या महत्त्वाच्या प्रश्नाचा उलगडाही त्याच ओघात होईल. तरी सर्वांनी शांत चित्ताने वाचावे.

मी एक जुनी पट्टी आहे. इंजिनात ऑइल किती आहे हे पाहण्यासाठी जी लांब, पातळ, पोलादी पट्टी ओढून बाहेर काढतात, तीच मी. फिटर लोक मला गेज म्हणतात. माझ्या वरच्या टोकाला बोट अडकवण्यासाठी कडी आहे व खालच्या टोकाला दोन खुणा आहेत. ऑइल खालच्या खुणेच्या खाली गेले तर इंजिन उपाशी राहते आणि वरच्या खुणेच्या वर गेले तर इंजिनाला अजीर्ण होते. एवढी दोनच अक्षरे मी शिकले. परंतु मित्रांनो, ती मी कधी खोटी सांगितली नाहीत.

सन एकोणीसशे त्र्याण्णवमध्ये एका पांढऱ्या व्हॅनबरोबर मी शिरूर तालुक्यातील कवठे येमाई या गावी आले. माझे मालक ज्योतिबा यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखली होती. ज्योतिबांनी शेवटचा कळप विकला, शेती धरली आणि भाड्याने फिरवण्यासाठी ही व्हॅन घेतली. या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. त्यामुळे माझे घरही सीटखालीच. वरती बसणारे जे बोलत, ते सर्व माझ्या कानावर पडे. नवरदेव कसे घाबरतात, बाळंतिणीला घरी नेताना आजी किती वेळा "हळू" म्हणते, बाजाराहून परतताना बायका कोणाकोणाची नक्कल करतात, हे सर्व मला ठाऊक आहे. शिरूरचा आणि दौंडचा हे दोन्ही रस्ते मी कधी पाहिले नसतील, परंतु त्यांचा प्रत्येक खड्डा मी ओळखते!

ज्योतिबा व्हॅनला फार जपत. दसरा आणि पाडवा या दोन्ही सणांना ते इंजिनाचे ऑइल न चुकता बदलत. ते साधे ऑइल होते, आणि वेळेवर बदलल्यामुळे इंजिनाने त्याच्यावर कित्येक वर्षे चांगली चाकरी केली. मात्र एक गोष्ट माझ्या मनाला लागत असे. मेंढी घेताना ज्योतिबा तिच्या लोकरीत बोटे घालीत, लोकरीचा तेलकटपणा चिमटीत चोळीत आणि मेंढी निरोगी आहे की नाही ते सांगत. तीच रीत त्यांनी मोटारीलाही लावली. ते मला बाहेर काढीत, माझ्या टोकाचा थेंब चिमटीत चोळीत, "हां, अंग धरलंय," असे म्हणत आणि मला परत आत सारीत. माझ्या दोन खुणांकडे त्यांनी कधी दृष्टीच टाकली नाही.

सन दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात इंजिन खोलून त्याचे सर्व काम करण्यात आले. त्याच वर्षीच्या दसऱ्याला ज्योतिबांचा मुलगा रविराज, जो रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला होता, सिंथेटिक ऑइलचा सीलबंद डबा घेऊन आला.

"आबा, ह्या टायमाला हे घालू," रविराज म्हणाला.

ज्योतिबांनी थेंब चिमटीत घेतला व त्यांचा चेहरा पडला. "आरं, हे ऑइल हाय का ताकाची निवळी?"

"पातळ हाय म्हणून तर थंडीत झटक्यात वर चढतंय, आबा. आन् कितीबी तापलं तरी लवकर मरत न्हाई. जुन्या इंजिनात घातलं असतं तर गळतीची भीती व्हती. पर आता समदे सील नवे हायत."

शेजारचे बागायतदार सर्जेराव कट्ट्यावर बसून पाहत होते. ते हसून म्हणाले, "ज्योतिबा, तुझं पोरगं कंपनीत गेलं आन् तुझ्या गाडीला पाणी पाजाया शिकून आलं बघ!"

मुलाचे मन मोडू नये म्हणून ज्योतिबांनी त्याला डबा ओतू दिला. ऑइल आत आले. मित्रांनो, त्या ऑइलात मी तीन महिने उभी होते. पहाटेच्या गारठ्यातही ते क्षणात सगळीकडे पोहोचे. परंतु ज्योतिबा रोज थेंब चोळीत आणि रोज मान हलवीत.

पुढे जानेवारी महिन्यात ज्योतिबांची मुलगी सुषमा हिला रेल्वेच्या दवाखान्यात परिचारिकेच्या जागेसाठी सोलापूरला मुलाखतीचे बोलावणे आले. दौंडहून सकाळची रेल्वे धरायची होती. ती चुकली तर मुलाखत चुकणार, आणि दुसऱ्यांदा कोणी बोलावणार नव्हते. तिच्या घरात पगाराच्या नोकरीला निघालेली ती पहिलीच मुलगी होती.

आदल्या दिवशी सायंकाळी ज्योतिबा सर्जेरावांच्या गोठ्याकडे गेले. तेथून ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये घालतात ते दाट ऑइल त्यांनी डबाभर आणले आणि सगळे इंजिनात ओतले. "लेकीचं काम हाय. वाटंत उपाशी राहू नगंस," असे ते इंजिनाला म्हणाले. ऑइल माझ्या वरच्या खुणेच्याही वर चढले. मला तोंड असते तर मी ओरडले असते. परंतु पट्टीला कोणीतरी बाहेर काढून पाहावे लागते; ती आपण होऊन बोलू शकत नाही.

सकाळी इंजिन चालू होईना. ज्योतिबांच्या पत्नी सगुणाबाई भाकरीचे गाठोडे घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय वो, गाडीला आज जागच येईना! रातच्याला वरातीत नाचली व्हती का?"

"थंडी हाय," ज्योतिबा तुटकपणे म्हणाले.

बऱ्याच खटपटीनंतर इंजिन जड आवाजात सुरू झाले. शिरूर मागे पडले. न्हावरे गाव जवळ आले आणि चालकासमोरचा लाल दिवा लुकलुकू लागला. हा दिवा ऑइलचा दाब पडल्याची खूण होय. आतमध्ये माझ्याभोवती नुसता फेस झाला होता.

"आबा, दिवा लागला," शेजारी बसलेली सुषमा म्हणाली.

"लागू दे. तापलं की हुईल पातळ."

"आवाज बी बदललाय. थांबा."

"सुषमा, रेल्वे चुकली तर परत कोण बोलावतंय? गप बस."

"थांबा म्हंते ना! इंजिन जाम झालं तर रेल्वेबी जाईल आन् व्हॅनबी जाईल!"

ज्योतिबांनी ब्रेक दाबला. सुषमाने सीट उचलली, मला ओढून काढले, मुलाखतीसाठी घेतलेल्या नव्या रुमालाने मला पुसले, पुन्हा आत घातले व पुन्हा काढून उजेडात धरले. तो रुमाल काळा झाला त्याचे मला वाईट वाटले. परंतु एवढ्या आदराने मला आजवर कोणी पुसले नव्हते.

"वरच्या खुणेच्या दोन बोटं वर हाय, आबा. आन् काकवीवाणी घट्ट. काय घातलं ह्यात?"

ज्योतिबा रस्त्याकडे पाहत राहिले. "सर्जेरावाच्या ट्रॅक्टरचं. ते पोराचं पातळ व्हतं. तुझ्यासाठीच घातलं, बाय."

सुषमाने रुमालाने बोटे पुसली. मग मला जागेवर ठेवून ती म्हणाली, "मंग आता माझ्यासाठीच काढू. चला, ढकला."

बापलेकींनी व्हॅन न्हावऱ्याच्या गॅरेजपर्यंत ढकलत नेली. ज्ञानू फिटर नुकताच फळी उघडत होता. त्याने मला काढून वास घेतला आणि म्हणाला, "आबा, इंजिनात पिठलं कुणी शिजवलं?"

"टिंगल मागनं कर. पोरीची रेल्वे हाय."

"मंग बोलू नगा. तो डबा इकडं सरकवा."

सगळे ऑइल खाली काढले गेले. मुलाने आणलेले ऑइलही त्या चिकट्यात मिसळून डब्यात पडताना पाहून ज्योतिबांनी मान खाली घातली. ज्ञानूने फिल्टर बदलला व साध्या ऑइलचा डबा फोडला.

"रवीदादानं सिंथेटिक घातलं व्हतं," सुषमा काळजीने म्हणाली. "आता साधं चालंल?"

"चालंल की. ह्या इंजिनाला ऑइलच्या जाडीचा जो नंबर लागतो त्योच हाय. दोन्ही चांगली. सिंथेटिक जास्त दिवस टिकतं, साधं लवकर बदलायचं. पर गिअरचं ते गिअरचं, इंजिनाचं ते इंजिनाचं."

सवयीने ज्योतिबांचा हात थेंबाकडे गेला. ज्ञानूने थेंबाऐवजी मलाच त्यांच्या हातात दिले. "चिमूट नगं, आबा. हिच्याकडं बघा."

"ह्या दोन रेघा कशाच्या?"

"इतकी वर्सं गाडी हाकली आन् रेघा बघितल्या न्हाईत?"

"आरं, बोटाला कळायचं मला."

"मेंढीचं कळायचं, आबा," सुषमा मृदू आवाजात म्हणाली.

ज्योतिबांनी मला सूर्याकडे धरले. डोळे बारीक केले. मग एखाद्या मुलाने पहिले अक्षर वाचावे तसे ते सावकाश म्हणाले, "वरच्या रेघंच्या जरा खाली हाय. बास. बरूबर हाय." मित्रांनो, कित्येक वर्षांच्या सेवेत मला जो मान मिळाला नव्हता तो त्या एका वाक्याने मिळाला. माझे पोलाद अभिमानाने ताठ झाले!

इंजिन सुरू झाले. दिवा विझला. दौंडच्या स्टेशनाबाहेर व्हॅन थांबताच बापलेक पळत आत गेले. मी सीटखाली कान देऊन होते. शिटी झाली, डबे हलल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ज्योतिबा एकटेच परत आले, धापा टाकत माझ्यावरच्या सीटवर बसले आणि कोणी विचारले नसतानाही म्हणाले, "बसली!"

सुषमाला ती नोकरी मिळाली. पुढच्या दसऱ्याला रविराजने विचारले, "आबा, कोणतं घालू?" ज्योतिबा म्हणाले, "मला दोन्ही सणाला बदलायची सवय हाय, मला साधंच आण. तुझी नवी गाडी लांब पळती, तिला तुझं सिंथेटिक घाल." त्या दिवशी बाप आणि मुलगा या दोघांचेही म्हणणे बरोबर होते. त्यानंतर थेंब कोणीही चोळला नाही. दोघेही मलाच विचारू लागले.

काही वर्षांनी व्हॅन थकली व मोडीत गेली. ज्ञानूने मला तेवढे काढून घेतले. आता मी त्याच्या गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. माझ्यावर धूळ बसते, नवे ग्राहक मला ओळखत नाहीत. परंतु मला खंत नाही. एका मुलीच्या वाटेवर ज्या दिवशी खरे सांगणे आवश्यक होते, त्या दिवशी मी खरे सांगितले आहे.

म्हणून मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरी मोटार असेल तर ऑइल साधे असो वा सिंथेटिक, इंजिनाला मानवेल तेच घाला आणि वेळेवर बदला. इंजिन थंड असताना सपाट जागी पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून काढा आणि उजेडात धरा. आम्ही पट्ट्या अंधारात उभ्या राहून तुमचीच वाट पाहत असतो.

पट्टीचे हे मनोगत तिच्या वतीने जमेल तशा शब्दांत मी लिहिले आहे. आपण ते शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार.

— ज्ञानू म्हाळू कोळपे, फिटर,
मुक्काम न्हावरे, तालुका शिरूर