बेटावरची हाक

त्या दिवशी सांजेला भिवानं लेकीला मारलेली हाक रोजच्यासारखीच अर्ध्या नदीनं ऐकली.

“सत्यशीलाऽऽ! डाव्या अंगानं ये. मधी खड्डा पडलाय.”

सत्यशीला फाट्यावर एस.टी.तून उतरून नुकतीच पूर्णेच्या काठाशी आली होती. जाफराबादच्या एका शाळेत ती मराठी शिकवायची. नदीच्या पात्रात मधोमध एक बेट होतं. पावसाळाभर ते पाण्याखाली असायचं, दसरा झाला की हळूहळू वर यायचं, आणि मग काठच्या गावातली बिनजमिनीची माणसं तिथं खोप्या घालून गाळात मेथी, कांदा, वांगी पेरायची. भिवाची खोपी बेटाच्या अलीकडच्या टोकाला होती. तिथून त्याला फाट्यावरचा रस्ता दिसायचा आणि लेकीची काळी छत्रीही. पाण्यातला उतार रोज जागा बदलायचा, म्हणून तो हाक मारून वाट सांगायचा.

सत्यशीलेनं छत्री उंच केली. ऐकलं, असा तिचा अर्थ. निऱ्या खोचून, चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून डाव्या अंगानं ती पलीकडे गेली.

“तोंडानं ओ दिली तर दात पडतील का गं?” भिवा म्हणाला.

“छत्री दिसते ना तुम्हाला?”

“दिसती. पन छत्री कुनाचीबी असती. ओ ज्याची त्याची असती.”

हे बोलणंही रोजचंच. सत्यशीलेला मोठ्यानं बोलता यायचं नाही असं नव्हे. ती बोलतच नसे. वर्गातसुद्धा ती इतकी हळू बोलायची की ऐकू यावं म्हणून पोरं आपोआप गप्प बसत. काठावर गुरं वळणारी माणसं असत, फाट्यावर बस थांबलेली असे. अशा चारचौघांत नदी ओलांडून जाईल असा ‘ओ’ काढायचा म्हणजे तिच्या अंगावर काटाच यायचा.

भिवाचं उलट होतं. छप्पन साल उजाडेपर्यंत गावची दवंडी त्याच्याच गळ्यात होती. हलगी बडवायची, पाटलाचा हुकूम ओरडून सांगायचा आणि मोबदल्यात शिळंपाकं पदरात घ्यायचं. त्या साली त्यानं धम्म घेतला, हलगी चावडीच्या खुंटीला अडकवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. गाव महिनोन्‌महिने रुसलं, मग विसरलं. आवाज मात्र राहिला. एवढा मोठा आवाज, आणि आता त्याला एकच काम उरलं होतं: लेकीला नदी ओलांडून आणायचं.

तेही काम खरं तर बंद व्हायला हवं होतं. उन्हाळ्यात भिवाची छाती भरून आली होती. जालन्याच्या डॉक्टरनं तपासून बजावलं होतं, ओझं उचलायचं नाही, पावसात भिजायचं नाही आणि बिलकुल ओरडायचं नाही; पुढच्या खेपेला छाती साथ देणार नाही. सत्यशीला रोज आठवण करून द्यायची. भिवा रोज ‘बराबर हाय’ म्हणायचा आणि रोज एक हाक मारायचा.

खोपीत चुलीपुढं बसून दोघं भाकरी खात होती. तव्यावरचं वांग्याचं भरीत अजून चुरचुरत होतं.

“स्टँडच्या हॉटेलात रेडिओ लावला होता,” सत्यशीला म्हणाली. “बंगालच्या दर्यात वादळ उठलंय. आंध्राच्या किनाऱ्यावर येणार म्हणे. लोकांना गावं सोडायला सांगतायत.”

“दर्या म्हंजी केवढा गं? आपल्या पूर्णेच्या धा पट?”

“त्याचा पलीकडचा काठच दिसत नाही.”

“मंग तिथली मानसं एकमेकाला हाका कशी मारत असतील?”

तिनं पुष्कळ वाचलं होतं. दर्याबद्दलही वाचलं होतं. पण हे कुठं लिहिलेलं तिला आठवेना. ती हसली.

“आपलं पानी तिकडंच जातं ना शेवटी?” भिवानं विचारलं.

“हो. पूर्णा गोदावरीला मिळते, गोदावरी दर्याला.”

“मंग झालं. इतकी वर्सं देऊन राह्यलो, आता त्यो परत पाठवून राह्यलाय.” असं म्हणून त्यानं भाकरीचा शेवटचा तुकडा तिच्या ताटलीत सरकवला. हेही रोजचंच होतं. तिनं तो खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली तेव्हा वारा पूर्वेकडून होता. कार्तिकात असा वारा कोणी पाहिला नव्हता. दुपारी आभाळ खाली आलं. वरच्या अंगाला, अजिंठ्याच्या डोंगराकडे, पहाटेपासून पाऊस कोसळत होता. तहसिलीतून निरोप फिरला की सांजेपर्यंत पूर्णा चढेल, काठ आणि बेटं खाली करा. शाळा सुटली. बाजारात दुकानदार कापसाच्या गाठींवर ताडपत्र्या ओढत होते. सत्यशीला मिळेल त्या बसनं निघाली.

ती बेटावर पोचली तेव्हा सरपंच अण्णासाहेबांचा मुलगा भुजंग खोपीपुढे उभा होता. त्याच्या काखेत हलगी होती.

“भिवा, अण्णांनी सांगितलंय, बेटावर दवंडी दे. पानी यायच्या आत समदी काठाला आली पाहिजेत.”

भिवानं हलगीकडं पाहिलं. तिचं कातडं सैल पडलं होतं.

“भुजंगराव, ही तापवल्याबिगर बोलत न्हाई. आन आज ऊन कुठंय?”

“चेष्टा नको.”

“चेष्टा न्हाई. ही मी ठिवली ती ठिवली. घिऊन जा.”

वडिलांचं हे ‘ठेवली’ सत्यशीलेनं लहानपणापासून ऐकलं होतं, आज पाहिलं.

“मंग मानसं बुडू द्यायची का?” भुजंग चिडला.

“कोन म्हनलं? मी सांगनार हाय ना त्यास्नी. माझी मानसं हायत, त्याला हुकूम कशाला लागतो? तुमी काठावर बैलगाड्या आना. जल्दी.”

भुजंग हलगी घेऊन पाण्यात उतरला. भिवानं डोक्याला मुंडासं आवळलं. सत्यशीला त्याच्या आडवी उभी राहिली.

“डॉक्टर काय म्हणाले होते?”

“वरडू नको म्हनला. वरडत कोन हाय? नावानं हाका मारतो.”

“बाबा, मी जाते. खोपी खोपी फिरून सांगते.”

“जाशील गं. पन वारा बघ कसा सुटलाय. तुझा आवाज वर्गापुरता हाय, बाई. ह्या वाऱ्यात तो तुझ्या कानालाबी पोचायचा न्हाई.”

हे खरं होतं. तिनं त्याच्या खांद्यावर घोंगडं टाकलं आणि त्याच्यासोबत निघाली.

दवंडीवाला सगळ्यांना एकच हाळी देतो आणि पुढं जातो. भिवा तसं करत नव्हता. तो एकेका खोपीकडं तोंड करून नाव घ्यायचा आणि उभा राहायचा. तिकडून ओ आली की निरोप सांगायचा, मगच पाऊल उचलायचा.

“रामकिसनऽऽ!”

“ओऽऽ!”

“पानी येऊन राह्यलंय. पोरं आधी काढ, कांदे मागून.”

“एवढं थांबायचं कशाला?” सत्यशीला त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. “सगळ्यांना एकदम सांगा ना.”

“एकदम सांगितलं तर समद्याला वाटतं, शेजाऱ्यानं ऐकलं. ओ आली का मानूस आपल्या हातात आला असं धरायचं. त्याच्या आधी न्हाई.”

बेट हलू लागलं. बायकांनी उभी मेथी मुळासकट उपटून लुगड्यात बांधली. कोंबड्या टोपल्याखाली गेल्या. रामकिसननं बाभळीला दोर बांधून त्याचं दुसरं टोक काठावर नेलं, आणि त्या दोराला धरून माणसं गाठोडी डोक्यावर घेऊन उतरू लागली. पाणी अजून कमरेखाली होतं, पण त्याचा रंग बदलला होता. पाऊस आडवा लागत होता. भिवा हाका मारत होता, मध्येच छातीवर हात दाबून थांबत होता, आणि सत्यशीला दर हाकेला आता ही शेवटची असं मनात म्हणत होती.

शेवटची राहिली झुंबरबाई. म्हातारी एकटी, दोन शेळ्यांची मालकीण, बेटाच्या पार खालच्या टोकाला. तिच्या खोपीपुढचा सखल भाग पाण्यानं भरून ओढा झाला होता. पलीकडं जाणं आता भिवाला शक्य नव्हतं.

“झुंबरबाईऽऽ!”

काही नाही.

“झुंबरबाईऽऽऽ!”

खोपीच्या दाराचं ताट आतून ओढून घेतलेलं होतं. आत दिवा हलला, म्हणजे ती होती.

“ऐकू येतंय तिला,” सत्यशीला म्हणाली. “मग बोलत का नाही?”

भिवा धापा टाकत म्हणाला, “तिन्हीसांज हाय. तिला वाटून राह्यलं, चकवा बोलावतोय. सांजच्या हाकेला ओ दिली का चकवा घिऊन जातो म्हनती ती.”

“बाबा, मी जाते पलीकडं.”

“तुला पवता येतं का?”

तिला येत नव्हतं. भिवानं पुन्हा हाक मारली. आवाज चिरला. त्यानं पुन्हा मारली. सत्यशीलेनं त्याचा दंड धरला. “चला आता. रामकिसनला दोर घेऊन पाठवू. चला, बाबा.”

“रामकिसन येईस्तोवर हितं गळ्याएवढं व्हईल. ओ येऊ दे.”

त्यानं मान खाली घातली. तिला वाटलं, मानलं. पण त्यानं छातीत होता नव्हता तेवढा वारा भरून घेतला.

“ए झुंबरेऽऽ! तुझी शेळी माझ्या मेथीत शिरलीऽऽ!”

ताट धाडकन बाजूला झालं.

“कुनाची शेळी? माझ्या दोन्हीबी बांधलेल्या हायत! डोळे फुटले का तुझे, भिवा? जल्माचा खोटारडा!”

“चकव्याला मेथी नसती ना, बाई? मंग ये भाईर! पानी आलंय!”

तिनं दारातून पाणी पाहिलं आणि शिव्या थांबल्या. एक शेळी खांद्यावर, एक दाव्याला, अशी ती छातीभर पाण्यातून आली. सत्यशीलेनं हात देऊन तिला ओढून घेतलं. भिवा हसायला गेला, पण त्याला नुसता खोकला आला.

अंधार पडायच्या आत सगळी काठावर होती. त्या रात्री बेट बुडालं, खोप्या वाहून गेल्या. माणूस एकही गेला नाही.

भिवाचा आवाज मात्र त्या सांजेलाच गेला. गावातल्या घरी तो खाटेवर पडून राहिला. अंगात ताप, छातीत घरघर. सत्यशीलेनं रजा टाकली. जालन्याला न्यायचं तर ओढ्यांना पूर, रस्ता बंद. जवळच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलं आणि नजर चुकवली. काही हवं असलं की भिवा पितळी पेला खाटेच्या लाकडी गातावर वाजवायचा, आणि ती चुलीपुढून उठून यायची.

एकदा त्यानं पेला वाजवला आणि तिनं कान त्याच्या तोंडाशी नेला.

“दर्याकडच्या मानसांचं काय झालं?”

तिनं पेपर वाचला होता. “पुष्कळ गेली, बाबा.”

“लांब लांब ऱ्हात असतील. हाक पोचली नसंल.”

तिनं त्याचं घोंगडं सारखं केलं. तो पुटपुटला, “आन तू एक. इतक्या जवळ असून ओ न्हाई...” आणि डोळ्यांनीच हसला. ती म्हणाली, “पेज आणते.” पेज घेऊन ती आली तेव्हा पेला खाली पडलेला होता. तिनं तो उचलून जागेवर ठेवला, मग त्याच्याकडं पाहिलं.

भिवाच्या जलदानाच्या विधीला बेटावरची सगळी आली. झुंबरबाई शेळ्या घेऊनच आली, कुणावर सोपवेना. तिनं सत्यशीलेच्या गालांवरून हात फिरवले आणि हळूच म्हणाली, “तुमी मानत न्हाई, मला ठावं हाय. पन सांगते. तिन्हीसांजेला नदीकडून बापाची हाक आली तर ओ देऊ नको, बाई. लई माया होती त्याची. घिऊन जाईल.”

सत्यशीलेनं मान हलवली.

रजा संपली, शाळा सुरू झाली. हळूहळू बेट पुन्हा वर आलं, नवा गाळ घेऊन. रामकिसननं स्वतःच्या वाफ्यांबरोबर भिवाचेही वाफे पेरले. मेथी खुडायला आली, असा त्यानं निरोप धाडला, तेव्हा त्या सांजेला ती फाट्यावर उतरली आणि घराऐवजी काठाकडं वळली.

पूर संपल्यावर नदीनं सगळं बदललं होतं. उतार कुठं, खड्डा कुठं, काही कळत नव्हतं. पलीकडं नव्या खोप्यांतून धूर निघत होता. सवयीनं तिनं छत्री उंच केली. मग तिच्या लक्षात आलं, आणि तिनं ती तशीच धरून ठेवली.

ती थांबली. झुंबरबाई म्हणाली होती ती हाक येते का, म्हणून थांबली. अशा गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, आयुष्यात कधी नव्हता, पण ती कान देऊन उभी राहिली. पाणी वाहत होतं. कुठंतरी शेळी ओरडली. फाट्यावर बस थांबली होती, कंडक्टर दार वाजवत होता, काठावर गुरं वळणारी दोन माणसं तिच्याकडं बघत होती. हाक आली नाही.

तिनं छत्री मिटून काखेत धरली.

“ओ,” ती म्हणाली. वर्गापुरता आवाज. पायाशीच पडला.

तिनं श्वास घेतला, त्यानं घेतला होता तसा, छाती भरून.

“ओऽऽऽ! ओऽऽऽ, बाबाऽऽ! आले मी!”