शांतीलालनानांच्या गटारावरची फळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी फळी आहे, आणि माणसांविषयी माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

म्हसावदजवळच्या एका नदीवर बंधारा आहे. आम्ही चोवीस फळ्या त्याच्या खाचांत बसतो. पावसाळ्यात पूर जाऊ द्यायला आम्हाला काढतात. पाऊस सरला, की वाहतं पाणी अडवायला पुन्हा बसवतात. भंगारवाल्याची नजर पडू नये म्हणून मधले चार महिने घरोघरी सांभाळायला देतात. मी सगळ्यांत जाड, मधल्या गाळ्यातली तळाची. म्हणून मान मोठा: मुक्काम थेट पाणी समितीचे अध्यक्ष शांतीलालनाना यांच्याकडे.

नानांनी मला दारापुढच्या गटारावर टाकलं. मोटारसायकल आत न्यायची सोय झाली. चार महिने मी वरून नानांचं जलसंवर्धन ऐकलं आणि खालून गटार.

ऑक्टोबरात तेवीस जणी वेळेवर परतल्या. माझ्या जागी वाळूच्या गोण्या टाकल्या; तिसऱ्या दिवशी त्या वाहून गेल्या आणि मधला गाळा उघडा पडला. समितीनं नानांच्या घरी बैठक घेतली. मग दुसरी. विषय एकच, फळी गेली कुठे? सगळे माझ्यावरून आत गेले, चहा पिऊन माझ्यावरूनच परतले.

धनुबाईची दोन बिघे पपई बंधाऱ्यालगतच्या विहिरीवर होती. नदीची धार बारीक होत चालली, तशी ती सुनेला, रूपालीला घेऊन मला न्यायला आली. खांद्यावर पहार.

"नाना, फळी लेवाले उनू."

"दम धर, बहिन. आधी ठराव व्हऊ दे. आनि मन्ही गाडी कशी निंघी?"

"तुमनी गाडी पानीबिगर मरत नही, नाना. मन्ही पपई मरी जाई."

नाना ठरावाचं पुस्तक शोधायला आत गेले. तेवढ्यात सासूसुनांनी मला उचकटून बैलगाडीत घातलंही.

संध्याकाळी मी माझ्या खाचेत होते. पण निम्मं पाणी आधीच तापीला गेलेलं. उरलेल्यावर एक बिघा पपई जगली, एक वाळली.

पुढच्या महिन्यात नानांनी जलपूजन केलं. नारळ फोडला, फोटो काढला. फोटोत धनुबाई नाही. ती वाळलेली झाडं उपटत होती.

जूनमध्ये मी तिच्या ओसरीवर जाणार आहे, तसं तिनं सगळ्यांदेखत बजावलंय. मित्रांनो, पाण्यावर भाषण ठोकायला निघाल तेव्हा दारातच एकदा खाली बघा. पायाखाली कोण आहे ते.