सफरचंदानं ओळखलेलं डुक्कर

इंग्लंडमधल्या सेव्हर्न नदीकाठच्या त्या गावात सफरचंदांच्या जत्रेला एवढी गर्दी कधी झाली नव्हती. पेंढ्यांच्या गठ्ठ्यांवर चढून माणसं बघत होती. मधल्या कुंपणात लोंबत्या कानांचा एक पांढराफटक नर डुक्कर उभा होता आणि शेजारी तो विकायला आलेला, मखमली जाकीट घातलेला लव्हरिज.

"आपल्या ठिपकेदार डुकरांबद्दल आज्या काय सांगायच्या?" लव्हरिज गरजला. "बागेत सफरचंद पडलं, डुकराच्या पाठीवर आपटलं आणि ठिपका उमटला! रक्त शुद्ध असेल, तर सफरचंद ते ओळखतं. कागद खोटं बोलेल, सफरचंद नाही!"

त्यानं बाटलीतलं 'पवित्र झऱ्याचं पाणी' डुकराच्या डाव्या कुशीवर शिंपडलं, दारू गाळायच्या जातीचं एक हिरवं तुरट सफरचंद मुठीत चिरडलं आणि तिथेच घासलं. आधी करडी झाक आली. मग बघता बघता काळाभोर ठिपका उमटला. दोघा म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या.

सगळ्यात पुढे अ‍ॅम्ब्रोज पिचर उभा होता. त्याची बायको हेस्टर मार्चमध्ये गेली. मागे राहिली ती प्रूडन्स, नऊ वर्षांची ठिपकेदार डुकरीण. हेस्टरनं चाळीस वर्षं राखलेल्या वंशातली ती शेवटची मादी. या हिवाळ्यात ती व्याली तर व्याली, पुढे आशा नव्हती; आणि त्यासाठी त्याच जातीचा अस्सल नर हवा होता.

लव्हरिजला हे कुणीतरी सांगितलं असावं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "दादा, हा तुमच्या हेस्टरबाईंनी विकलेल्या नराचाच नातू."

अ‍ॅम्ब्रोज कुंपणाशी सरकला. त्यानं विचारलं, "कानात गोंदलेला नंबर?"

"कान चिघळला होता, नंबर पुसला गेला. पण रक्त पुसलं जातं का?"

"घेऊन टाक की!" गुत्तेवाली डिली ओरडली. "हेस्टरनंच धाडलाय समज!"

पाकीट काढायला त्यानं खिशात हात घातला आणि बोटांना हेस्टरचा चाकू लागला. सफरचंदं चिरताना त्याचं लोखंडी पातं दर ऑक्टोबरला काळं पडायचं आणि हेस्टर दर ऑक्टोबरला ओरडायची, "अरे, दारूच्या सफरचंदाला लोखंड लावू नकोस!" ही गोष्ट त्या गावात पोराटोरांना ठाऊक होती. आज मात्र सगळ्यांना आजीची गोष्ट आठवली, चाकू कुणालाच आठवला नाही.

अ‍ॅम्ब्रोज कुंपण ओलांडून आत गेला. लव्हरिजच्याच टोपलीतलं सफरचंद चिरडून त्यानं डुकराच्या दुसऱ्या कुशीवर घासलं. रस ओघळला, बाकी काही नाही.

"काय हो, याचं रक्त डाव्या अंगालाच शुद्ध आहे का?"

लोक हसले. लव्हरिज चिडला. "सफरचंद अश्रद्ध माणसाशी बोलत नाही!"

"बघू तरी." अ‍ॅम्ब्रोजनं बाटली हिसकावली, एक थेंब जिभेला लावून थुंकला. गंजक्या खिळ्याची चव. टोपी काढून त्यानं ते पाणी स्वतःच्या टकलावर ओतलं आणि सफरचंद घासलं. टकलावर काळा डाग उमटला.

"घ्या! मीही अस्सल ठिपकेदार! बोला, किती देता माझे?"

हशा थांबेना.

"हिरवळीवरचं शेवाळ मारायची पूड मिळते ना, तसला लोखंडाचा क्षार आहे यात," तो म्हणाला. "तुरट रस लागला की काळा पडतो. जुन्या काळी शाई अशीच करायचे. चमत्कार कसला!"

"पण डुक्कर तर धडधाकट आहे," डिली म्हणाली.

"असेल. पण त्याची आई कोण, बाप कोण? पांढऱ्या वेल्श जातीच्या डुकराचा संकर असेल, नाहीतर प्रूडन्सचाच भाऊ असेल. कानातला नंबर जातीच्या नोंदवहीशी जुळला नाही, तर तिची पिल्लं वहीत चढत नाहीत. हेस्टरची चाळीस वर्षं तिथेच संपली."

"वही म्हणजे काय बायबल आहे?" लव्हरिजनं जाता जाता टोमणा मारला.

"नाही. म्हणून तर ती तपासता येते. चुकली तर दुरुस्त करता येते. तुझं सफरचंद कुणी तपासायचं?"

दुसऱ्या दिवशी अ‍ॅम्ब्रोजनं नोंदणी कचेरीला फोन केला. हेरफर्ड शहराकडच्या एका नराचा नंबर सांगितला, त्याचे आईबाप, आजेआजी विचारून घेतले. मग स्वतः जाऊन कान उलटून पाहिला. आकडा न् आकडा जुळला, तेव्हाच तो नर प्रूडन्सकडे आणला.

फेब्रुवारीत प्रूडन्सला नऊ पिल्लं झाली, त्यांत चार माद्या. पिल्लांच्या नोंदणीचे अर्ज नेहमी हेस्टर भरायची. पैदास करणाऱ्याच्या रकान्यात अ‍ॅम्ब्रोजचा हात तिचं नाव लिहायला गेला, आणि थांबला. ती नव्हती, आणि वहीत खोटं लिहायचं नसतं. त्यानं वेड्यावाकड्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.

ठिपका कुणालाही उमटवता येतो. म्हणून बाबांनो, विकणारा कितीही गोड बोलो, आणि आपलं दुःख कितीही मोठं असो, दाम मोजण्याआधी कान उलटून बघा आणि वही उघडून विचारा. जो विचारू देत नाही, त्याच्याकडून शेपूटसुद्धा घेऊ नका.