दहा मिनिटं पुढे

मी मनगटी घड्याळ बोलतोय. बोलतोय कसला, किरकिरतोय. मला दोन चाव्या आहेत, एक वेळेची आणि एक गजराची. गजराला चावी दिली की मी एकदाच वाजतो. पुन्हा वाजवायचं तर पुन्हा चावी द्यावी लागते. एवढं लक्षात ठेवा, माझं सगळं दुखणं त्यातच आहे.

माझा मालक भूमापक होता. लोकांच्या जमिनी इंचाइंचाने मोजायचा, पण स्वतः कामावर कधी वेळेत पोहोचला नाही. म्हणून त्याने मला पहिल्याच आठवड्यात दहा मिनिटं पुढे लावलं. माणसांची ही खोड मला कधी कळली नाही. आपणच घड्याळ पुढे करायचं आणि मग त्याच्याकडे बघून, "अजून दहा मिनिटं आहेत की!" म्हणत निवांत दात घासत बसायचं. तेव्हा मला हसू यायचं. आता येत नाही.

त्याला डोंगरांचं वेड होतं. मुलगी सात वर्षांची असताना त्याने आणि त्याच्या दंतवैद्य मित्राने एक शिखर मनावर घेतलं. या मित्राला घरात सगळे दातवाले काका म्हणत. शिखर सहा हजार मीटरच्या वरचं. "फार अवघड नाही गं, अगदी सोपंही नाही," असं तो बायकोला समजावायचा. तीन महिने जेवणाचं टेबल दोघांच्या ताब्यात होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजेसुद्धा तोलले गेले. वजन वाचावं म्हणून टूथब्रशचे दांडे अर्धे कापले.

शेवटी परतीची वेळ ठरली. "एक वाजता जिथे असू तिथून मागे. शिखर चार पावलांवर असलं तरी," असं म्हणत काकांनी ते नकाशावर शाईने लिहिलं. दुपारनंतर तिथे ढग भरतात, आणि अंधाराआधी तंबू गाठायचा असतो. त्याने लगेच माझा गजर एकावर लावला. मी दहा मिनिटं पुढे आहे, हे त्या टेबलावर कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी वाजलो तेव्हा शिखर समोर दिसत होतं. त्याने मला दाबून गप्प केलं. "हे पुढे आहे रे. खरा एक वाजायचाय अजून." खोटं नव्हतं ते. दोघं चढत राहिले. मग खरा एक वाजला, आणि वाजायला माझ्यात चावीच उरली नव्हती. मी नुसता टिकटिकत राहिलो.

"किती वाजले?" काकांनी बऱ्याच वेळाने विचारलं. त्यांचं घड्याळ थंडीने बंद पडलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. खरा एक होऊन पंचवीस मिनिटं झाली होती. त्याने मला काढून काकांच्या हातात ठेवलं. "तू उतरायला लाग. वेळ बघायला हे ने. मी वर हात लावून आलोच, दहा मिनिटांत."

ढग आले. काका एकटेच तंबूत पोहोचले. सहा दिवस शोध चालला, पण तो सापडला नाही.

गेली एकोणीस वर्षं त्याची बायको रोज सकाळी मला चावी देते, दोन्ही. रेडिओच्या बातम्यांशी मला लावते, पण बरोबर नाही, त्याच्यासारखंच दहा मिनिटं पुढे. एकदा काकांनी न राहवून विचारलं, "वहिनी, बरोबर का नाही लावत?"

"त्यांनी दहा मिनिटं मागितली होती ना," ती म्हणाली. "ती मी कशाला संपवू?"

दुपारी मी वाजलो की ती हातातलं काम टाकून दाराकडे बघते. मला भीती वाटते. तिची नाही, स्वतःची. कारण त्या क्षणी जिन्यावर त्याचे बूट मलाही ऐकू येतात.

मुलगी आता परिचारिका आहे. या वर्षी त्याच टेबलावर तोच नकाशा उघडला गेला. काकांची शाई फिकी झालीय, पण वाचता येते. सगळी तयारी झाल्यावर ती म्हणाली, "आई, बाबांचं घड्याळ नेऊ?"

आई म्हणाली, "बापावर गेलीस अगदी. कामावर रोज उशीर."

"म्हणून तर पुढे आहे ते बरंय," मुलगी हसली.

आई हसली नाही. तिने मला उचललं, चावी बाहेर ओढली आणि काटा मागे फिरवायला लागली. एकेक करत दहा मिनिटं. मी आतून कळवळलो. तो त्या दहा मिनिटांत राहत होता, आता कुठे जाणार?

"एक म्हणजे एक," ती लेकीला म्हणाली. "वाजलं की वळायचं. बाबांची हाक ऐकू आली तरी."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भांडी पुसत होती. सवयीच्या वेळी तिने मान वर केली. मी वाजलो नाही. हातात ओलं पातेलं धरून ती दाराकडे बघत उभी राहिली, पुरती दहा मिनिटं. मग खरा एक झाला आणि मी वाजलो. जिन्यावर कुणाचेच बूट नव्हते. ती खुर्चीत बसली आणि मोठ्याने रडली.

आज मी मुलीच्या मनगटावर आहे. तिच्यासाठी पट्ट्याला नवं भोक पाडलंय. त्याचं जुनं भोक दोन बोटं पलीकडे रिकामं आहे. उद्या निघायचंय.

पोरी, वर मी एकदाच वाजेन. मला गप्प करायला तुझंही बोट पुढे येईल. येऊ दे, पण पाय आधी वळव. त्या वेळी खाली घरात तुझी आई हातातलं काम टाकून दाराकडे बघत असेल, आणि तिच्याजवळ आता वाजायला मीही नसेन.