पहिली नजर

देशभरच्या लाचखोरांमागे लागणारं आमचं खातं स्वतःच्या सावलीवरही विश्वास ठेवत नाही. छाप्याचा पत्ता फक्त साहेबांना ठाऊक असतो, आणि पथकात कोणकोण आहे हे त्यांनाही गाडीत बसल्यावरच कळतं. बातमी फुटू नये म्हणून हा सगळा शहाणपणा. बायकांच्या खोल्या तपासायला एक बाई लागते, म्हणून त्या सकाळी मी होते. मोबाइल काढून घेतले आणि गाडी निघाली.

पूल ओलांडून गाडी आमच्या भागाकडे वळली. मी मनाला समजावलं, इथे काय आम्ही दोघंच राहतो? मग दवाखान्याच्या कोपऱ्यावर ती डावीकडे, आमच्याच गल्लीत वळली. माझा नवरा बांधकाम खात्यात इंजिनिअर आहे.

"मॅडम, घाम फुटलाय तुम्हाला. काच खाली करू?" ड्रायव्हरने विचारलं. त्याला आम्ही मौनीबाबा म्हणतो, कारण त्याचं तोंड कधी बंद नसतं.

"नको."

नात्यातलं कोणी असेल तर दारात जाण्याआधी साहेबांना सांगायचं, असा नियम आहे. साहेब नुकतेच बदली होऊन आलेले, त्यांना माझं घर माहीत असायचं कारण नव्हतं. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. सांगावं तर नवऱ्यावर मीच संशय घेतल्यासारखं होणार, आणि नाही सांगावं तर नोकरी जाणार. आम्ही जिना चढलो. साहेब थांबले ते आमच्याच दारापुढे. त्यांनी बेल दाबली आणि मला पुढे करून ते बाजूला सरले.

नवऱ्याने दार उघडलं. "किल्ली विसरलीस होय गं?" तो हसत म्हणाला. मग त्याला माझ्यामागची माणसं दिसली.

साहेब गर्रकन माझ्याकडे वळले. मी मात्र नवऱ्याकडे बघत होते. छाप्याचं पथक दिसल्यावर माणूस आधी कुठे बघतो, एवढंच मी या नोकरीत शिकले आहे. त्याची नजर पॅसेजमधल्या वॉशिंग मशीनकडे गेली आणि झटकन परत आली. कित्येक महिने बंद पडलेलं मशीन. मेकॅनिकला बोलावू नकोस, मीच बघतो, असं तो म्हणायचा, आणि मी रोज हाताने कपडे पिळायचे.

मला रडू येत होतं, भीतीही प्रचंड वाटत होती.

"साहेब, हा माझा नवरा," मी म्हटलं. "मला यातून बाजूला करा. पण त्याआधी ते मशीन उघडा."