खालून कापलेलं स्वप्न

दुपारी दोन ते चार या वेळात सांगलीत कुणालाही रक्त तपासून घ्यायचं नसतं. म्हणून मी लॅबच्या काउंटरवर बसल्या बसल्या झोपते आणि झोपेत जे दिसतं ते ब्लॉगवर लिहिते. शेजारच्या टेबलावर रक्त काढणारी पायल मला सारखी सांगते, "क्रांती, ब्लॉग कोण वाचतं आता? रील कर." पण रीलसाठी जागं राहावं लागतं. ते काही आपल्याच्यानं व्हायचं नाही. मार्केट यार्डाकडून हळदीचा वास आला, की माझे डोळे आपोआप मिटतात.

माझ्या स्वप्नांत टीव्हीवरची माणसं फार येतात. त्यातल्या त्यात साडेआठच्या मालिकेतली सून. तिचं खरं नाव सांगलीत कुणी घेत नाही, सगळे तिला 'साडेआठची' म्हणतात. ती लग्नातला शालू नेसून पोळ्या लाटते आणि लाटता लाटता रडते. माझे वडील, हंबीरराव, तिचे मोठे भक्त. फौजेतून निवृत्त झाल्यावर आबांनी कृष्णेच्या घाटावर भडंगाची गाडी लावली होती. पुडी देताना 'जय हिंद' म्हणायचे; गिऱ्हाईकही नकळत ताठ उभं राहायचं. पण साडेआठच्या आत गाडी बंद करून घरी, टीव्हीसमोर. आबांना जाऊन दोन वर्षं झाली. मालिका अजून चालू आहे आणि सून अजून रडतेच आहे, याचा मला कधीकधी राग येतो.

परवा दुपारी ती माझ्या झोपेत घाटावर आली. नदी संथ होती, पायऱ्यांवर ऊन लोळत होतं. ती आबांच्या गाडीपाशी थांबली, पुडी घेतली आणि सवयीनं रडायला लागली. आबा म्हणाले, "बाई, रडू नगा. भडंगात मीठ हाय आधीच." तशी ती हसली. इतक्या वर्षांच्या मालिकेत जी कधी हसली नव्हती ती हसली. मग दोघंही पुलाकडं बघत भडंग खात राहिले आणि कुणालाच कुठं जायची घाई नव्हती. हे सगळं मी जसंच्या तसं लिहिलं. हे स्वप्न होतं हे फक्त शेवटच्या ओळीत कळायचं: पायलनं हाक मारली आणि मी जागी झाले. खाली माझं नाव.

आता 'दैनिक संगमवार्ता'. लालासाहेब हे त्याचे मालक, संपादक आणि जाहिराती गोळा करणारेही. त्या दिवशी तिसऱ्या पानावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची जाहिरात जायची होती. पुढाऱ्यानं ऐनवेळी पक्ष बदलला, त्यामुळे शुभेच्छुक पळाले आणि पान रिकामं पडलं. लालासाहेबांनी माझा ब्लॉग उचलून तिथं बसवला. मजकूर जरा जास्त झाला. पेपरवाल्यांची रीत अशी, की महत्त्वाचं वर लिहायचं आणि जागा कमी पडली की खालून कापायचं. त्यांनी खालून कापलं. माझं जागं होणं गेलं, माझं नावही गेलं. वर मथळा आला: 'लाडकी सून सांगलीच्या घाटावर! हंबीररावांच्या भडंगाची भुरळ'.

सकाळी शेजारच्या पारूबाईंनी मला गेटातच गाठलं. "मी बघितली की तिला! लय गोरी हाय. अंगानं बारीक हाय पन."

"आणि गाडीवर कोण होतं?" मी विचारलं.

पारूबाई आबांच्या मातीला आल्या होत्या. त्या क्षणभर गोंधळल्या. "पाठमोरंच दिसलं गं," म्हणाल्या.

रिक्षा स्टॉपवर तर कहर होता. एकानं तिला स्टँडवर सोडलं होतं, दुसऱ्यानं भाडंसुद्धा घेतलं नव्हतं. चौकात एका उत्साही मंडळानं 'सांगलीनगरीत हार्दिक स्वागत' असा फ्लेक्स लावला होता. जी आलीच नाही आणि आली असली तरी काल परत गेली, तिच्यासाठी. आबांना ओळखणारी माणसंही पेपर वाचून विचारात पडली होती. छापून आलंय म्हणजे काहीतरी असेल.

मी तणतणत लालासाहेबांच्या ऑफिसात गेले.

"ते माझं स्वप्न होतं! विचारायचं तरी! आणि माझं नाव कुठाय?"

"चुकलंच पोरी," लालासाहेब लगेच म्हणाले. चूक कबूल करण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, रोजचा सराव. "उद्या खुलासा छापतो. तुझ्या नावासकट."

"छापाच."

"पण खुलाशात लिव्हायचं काय? हंबीरराव हयात न्हाईत, सबब बातमी खोटी, असंच लिव्हावं लागंल. मजकूर तूच सांग संध्याकाळी."

मी बाहेर पडले. नाव तर मला हवं होतं. पण त्यासाठी आबांना दुसऱ्यांदा घालवायचं, तेही पेपरात, आणि ते आईनं वाचायचं. दोन वर्षांत ती एकदाही घाटाकडं फिरकली नव्हती.

घरी आले तर आई पेपर मांडीवर घेऊन बसली होती. माझी आई मनुबाई म्हणजे रडणाऱ्यातली नव्हे, पण आज तिचा आवाज हळू होता.

"तुझंच सपान न्हवं ह्ये? कसं दिसत हुतं गं ते?"

"चांगले दिसत होते, आई."

"वाळलं न्हवतं न्हवं?"

"नाही. पांढरा शर्ट होता. इस्त्रीचा."

ती बराच वेळ त्या शर्टाकडं बघत बसली, म्हणजे भिंतीकडं. मग म्हणाली, "आनि मी कुठं हुते?"

"तू नव्हतीस तिथं."

"मग भडंग कुणी केलं हुतं?"

रोज पहाटे उठून लसूण परतायची ती, शेंगदाणे तळायची ती, चुरमुऱ्याला मसाला चोळून हात लालभडक व्हायचे ते तिचे. आबा गाडी ढकलत न्यायचे आणि गाव म्हणायचं, हंबीररावांचं भडंग. माझं नाव कापलं म्हणून सकाळपासून मी गाव डोक्यावर घेतलं होतं आणि मी हिला स्वप्नातसुद्धा घेतलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिच्यासमोरच मी लालासाहेबांना स्पीकरवर फोन लावला.

"खुलासा घ्या. माझं नाव नको. घाटावरचं ते भडंग मनुबाई हंबीरराव यांनी केलेलं होतं. एवढंच छापा."

"एवढंच?" पलीकडून पेनचा आवाज आला. "आनि नावाच्या आधी काय लावू? सौ. का श्रीमती?"

पेपरवाल्यानं विचारावा असा हा एकच प्रश्न लालासाहेबांनी विचारला होता, आणि मी आईकडं बघितलं. सौ. म्हटलं तर आबा अजून घाटावर होते.

आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"श्रीमती लिवा, लालासाहेब," ती म्हणाली. "आनि भडंग मीच केलं हुतं, ते नीट लिवा."